कॅथेड्रलमधली गायन-उपासना नाशिकच्या घरात कशी ऐकावी

पहिल्यांदा ऐकणाऱ्याची तक्रार बहुतेक एकच असते: गाणं सुरू कधी झालं आणि संपलं कधी, काही कळत नाही. कोणीतरी एकाच सुरात दोन ओळी म्हणतं, मग नुसती शांतता, मग वीस-पंचवीस आवाज एकदम उसळतात, मध्येच कोणी खोकतं, बाकं कुरकुरतात, आणि शेवटी नळ्यांचा भलामोठा ऑर्गन असा दणाणतो की आतल्या खोलीतून ‘आवाज कमी कर रे’ अशी हाक येते. टाळ्या नाहीत की दाद नाही. युरोपातल्या कॅथलिक कॅथेड्रलमधून रेडिओवर आणि इंटरनेटवर येणाऱ्या या गायन-उपासना नाशिकमध्ये बसून फुकट ऐकता येतात. तरी बरेच जण दहा मिनिटांत बंद करतात, ते या गोंधळामुळे.

हा श्रोत्यांसाठी बसवलेला कार्यक्रम नव्हे, एवढं लक्षात घेतलं की निम्मा गोंधळ मिटतो. मायक्रोफोन नसते तरी ही उपासना त्याच वेळी, त्याच क्रमाने झाली असती. आपण फक्त दाराशी उभं राहून ऐकतोय. त्यामुळे चाल, आवाज, संगीतकार हे सगळं नंतर. आधी समजून घ्यायचा तो क्रम.

कॅथेड्रल म्हणजे बिशपचं चर्च, त्या धर्मप्रांतातलं मुख्य. नाशिकचा कॅथलिक धर्मप्रांत १९८७ मध्ये पुण्यापासून वेगळा झाला, म्हणजे कॅथेड्रल आपल्या गावातही आहे. पण रोज गाणारा शिकलेला गायकवृंद, त्या मुलांसाठी वेगळी शाळा आणि प्रक्षेपणाची सोय हे सगळं एकत्र सापडतं ते युरोपातल्या काही मोजक्या ठिकाणी. जर्मनीत कोलोनच्या कॅथेड्रलमधली रविवारची मुख्य मिस्सा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची उपासना, डोमरेडिओ हे तिथलं कॅथलिक केंद्र इंटरनेटवर दाखवतं. पॅरिसच्या नोत्र-दामच्या उपासना केटीओ या फ्रेंच कॅथलिक वाहिनीवर असतात. व्हॅटिकन रेडिओ तर १९३१ पासूनचा. तो उभारून दिला खुद्द मार्कोनीने. लंडनच्या वेस्टमिन्स्टर कॅथेड्रलमधूनही प्रक्षेपण होतं.

इथेच पहिला चकवा आहे. वेस्टमिन्स्टर नावाची दोन मोठी चर्च लंडनमध्ये एकमेकांपासून दहा-बारा मिनिटांच्या अंतरावर आहेत. राज्याभिषेक होतात ते वेस्टमिन्स्टर ॲबी, आणि ते अँग्लिकन, म्हणजे रोमपासून वेगळ्या झालेल्या इंग्लंडच्या चर्चचं आहे. कॅथलिकांचं ते वेस्टमिन्स्टर कॅथेड्रल: लाल विटांचं, पांढऱ्या दगडी पट्ट्यांचं, बायझेंटाइन वळणाचं, १९०३ मध्ये वापरात आलेलं. बीबीसीने गायन-उपासनेचं साप्ताहिक प्रक्षेपण सुरू केलं ते ॲबीमधून, ७ ऑक्टोबर १९२६ रोजी. तो कार्यक्रम आजही बीबीसी रेडिओ ३ वर चालू आहे, दर आठवड्याला वेगळ्या चर्चमधून. बहुतेक वेळा चर्च अँग्लिकन असतं, अधूनमधून कॅथलिक.

ॲबीचं नाव निघालंच आहे तर थोडं विषयांतर. शरणपूरच्या मिशन शाळेत शिकलेला जेकब वेनराइट नावाचा एक आफ्रिकन तरुण होता. गुलामीतून सोडवून नाशिकला आणलेल्या मुलांपैकी एक. मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये आफ्रिकेच्या आतल्या भागात वारला तेव्हा त्याचं शव किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनविधी झाला तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांतही तो होता. शरणपूर रोडने रोज जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल, देव जाणे.

तर अँग्लिकन की कॅथलिक, हे कानाने ओळखायचं कसं? भाषा हा पहिला धागा. अँग्लिकन सायंउपासना सहसा इंग्रजीत असते. सोळाव्या शतकात इंग्लंडचं चर्च रोमपासून वेगळं झालं तेव्हा सूर्यास्ताची आणि झोपण्यापूर्वीची अशा दोन जुन्या लॅटिन प्रार्थना जोडून १५४९ मध्ये ती तयार केली. म्हणून तिच्यात येशूची आई मरिया हिचं गीत आणि म्हाताऱ्या शिमोनाचं गीत अशी बायबलमधली दोन्ही गीतं येतात. कॅथलिक सायंप्रार्थनेत, म्हणजे व्हेस्पर्समध्ये, फक्त मरियेचं गीत असतं. शिमोनाचं गीत रात्रीच्या प्रार्थनेसाठी राखलेलं. आणि वेस्टमिन्स्टर कॅथेड्रलसारख्या ठिकाणी गाण्यातला बराच भाग अजूनही लॅटिन आहे.

आता क्रमाकडे. वारकरी भजन ऐकलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागू नये. पौष वारीला त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या दर्शनाला येणाऱ्या दिंडीत ‘जय जय रामकृष्ण हरी’ने सुरुवात, मग रूपाचा अभंग, मग पुढची मालिका, हे ठरलेलं असतं. त्या दिवशी कोणता अभंग कोणत्या चालीत घ्यायचा ते मात्र तिथी आणि प्रसंग पाहून ठरतं. कॅथलिक उपासनेतही न बदलणारं आणि बदलणारं असे दोन पदर असतात.

मिस्सामध्ये न बदलणारे पाच भाग आहेत: किरिए, ग्लोरिया, क्रेदो, सांक्तुस आणि आन्युस देई. दयेची याचना, स्तुती, श्रद्धेची कबुली, ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ आणि शेवटी देवाच्या कोकराला शांतीची विनंती. शब्द शतकानुशतकं तेच. किरिए तर लॅटिनही नाही, ग्रीक आहे. संगीतकाराने मिस्सा रचली असं म्हणतात तेव्हा त्याने बहुधा याच पाच भागांना चाली दिलेल्या असतात. बदलतात ती प्रवेशाच्या वेळची, दोन वाचनांच्या मधली, अर्पणाच्या आणि ख्रिस्तप्रसादाच्या वेळची गीतं. त्या त्या रविवारची किंवा सणाची वेगळी.

ऐकताना पाच भाग सलग येतील अशी अपेक्षा ठेवू नका. ग्लोरियानंतर वाचनं, प्रवचन, मग क्रेदो, मग पुन्हा बराच वेळ प्रार्थना. सांक्तुसनंतरच्या प्रार्थनेत तर मध्येच अशी शांतता पसरते की नेट गेलं असं वाटून माणूस फोन हलवून बघतो. तेवढ्यात बारीक घंटी वाजते. धर्मगुरू भाकर उंच धरून दाखवतात तो हा क्षण. सगळ्या उपासनेचा मध्य हाच, आणि तिथे गाणं नाही.

सायंप्रार्थना लहान, साधारण अर्ध्या-पाऊण तासाची. नवख्यांनी मिस्साऐवजी इथून सुरुवात केली तरी चालेल, कारण हिच्यात प्रवचनासाठी थांबावं लागत नाही आणि जवळपास सगळं गायलेलं असतं. आजच्या रीतीत आधी एक स्तोत्रगीत, मग बायबलच्या स्तोत्रसंहितेतली दोन स्तोत्रं आणि नव्या करारातलं एक गीत, छोटं वाचन, मरियेचं गीत, विनंत्या, प्रभूची प्रार्थना, आशीर्वाद. जुन्या रीतीत स्तोत्रं पाच असत, म्हणून जुन्या संगीतकारांच्या सायंप्रार्थनेच्या रचना लांबलचक वाटतात.

स्तोत्र गायची पद्धत जरा जवळून बघू. रविवारच्या संध्याकाळी बहुतेक वेळा पहिलं येतं ते ‘दिक्सित दोमिनुस’, म्हणजे ‘परमेश्वर माझ्या प्रभूला म्हणाला’. प्रत्येक ओळीचे दोन तुकडे. पहिला तुकडा (स्तोत्राच्या पहिल्या ओळीत दोन-तीन स्वर चढून, पुढे थेट) एका स्वरावर स्थिर होतो, आणि जितकी अक्षरं असतील तितकी त्याच स्वरावर म्हटली जातात. तुकड्याच्या शेवटी छोटंसं वळण. मग थांबा, पुरता एक श्वास. मग दुसरा तुकडा पुन्हा त्याच स्वरावर, आणि शेवटी खाली उतरून विसावतो. पुढची ओळ समोरच्या बाजूला उभे असलेले गायक उचलतात. हेडफोन लावला असेल तर आवाज डावीकडून उजवीकडे सरकलेला स्पष्ट कळतो. ठेका नाही, तालवाद्य नाही. लय येते ती बोलण्यातून. पहिली पाच मिनिटं कंटाळवाणी वाटतात हे मी मान्य करतो. मग मधल्या थांब्याची सवय लागते, आणि ती लागली की उलट घाईने म्हटलेलं स्तोत्र खटकायला लागतं.

स्तोत्र संपलं हे ओळखायची खूण पक्की आहे: ‘ग्लोरिया पात्री, एत फिलियो, एत स्पिरितुई सांक्तो’. पित्याला, पुत्राला आणि पवित्र आत्म्याला गौरव. प्रत्येक स्तोत्रामागे ही ओळ येतेच, मग स्तोत्र दुःखाचं असो की विजयाचं. त्यानंतर एक छोटं गीतवाक्य, जे स्तोत्राच्या आधीही आलेलं असतं. दोन्ही टोकांना हे वाक्य असलं की मधला भाग एक स्तोत्र. एवढं धरलं तरी आपण कुठे आहोत हे चुकत नाही.

शब्द हवे असतील तर घरात मराठी बायबल असलं की झालं. फक्त आकड्यांची एक अडचण आहे. लॅटिन बायबलची जुनी मोजणी आपल्या मराठी बायबलपेक्षा बऱ्याच स्तोत्रांत एकाने मागे आहे. ‘दिक्सित दोमिनुस’ तिकडे १०९ सांगितलं जातं, आपल्याकडे ते ११०. आकडा लावून पान काढलं आणि भलतंच निघालं तर पुढचं बघा.

मरियेच्या गीताला सगळे उभे राहतात, आणि वेदीला धूप दिला जातो. रेडिओवर धूप दिसणार कसा? पण कान देऊन ऐकलं तर साखळीची बारीक किणकिण ऐकू येते. धुपाटणं साखळीने झुलवतात. या गीताला बहुतेक ठिकाणी मोठी रचना निवडलेली असते. बऱ्याचदा एक ओळ साध्या एकसुरी गायनात आणि पुढची ओळ अनेक आवाजांत, असं आलटून-पालटून. दोन्ही पद्धती शेजारी शेजारी ऐकायला मिळतात, म्हणून कान तयार करायला याहून चांगली जागा नाही.

या दोन पद्धती म्हणजे मुळात दोन वेगळे काळ. एका ओळीचं जे गायन, त्याला ग्रेगोरियन म्हणतात. सहाव्या शतकाच्या शेवटी पोप झालेल्या पहिल्या ग्रेगरीचं नाव त्याला चिकटलं, पण चाली अनेकांच्या आणि नंतरच्याही आहेत. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या सोलेम मठातल्या संन्याशांनी जुनी हस्तलिखितं तपासून त्या पुन्हा शुद्ध केल्या, आणि पोप दहावे पायस यांनी १९०३ च्या आदेशात या गायनाला चर्चच्या संगीतात पहिलं स्थान दिलं. त्याच आदेशात स्त्रियांना गायकवृंदात मनाई होती. वरचा आवाज हवा असेल तर मुलगे घ्या, असं. आज कोलोनच्या कॅथेड्रलला मुलींचा स्वतंत्र गायकवृंद आहे, आणि तो ऐकल्यावर त्या मनाईचं फार वाईट वाटतं.

दुसरी पद्धत बहुस्वरी. इटलीतला पॅलेस्ट्रिना, स्पेनचा व्हिक्टोरिया, इंग्लंडचा विल्यम बर्ड, सगळे सोळाव्या शतकाच्या आसपासचे. आपला कान तानपुऱ्याच्या षड्जावर एकाच गायकाचा सूर ऐकायला सरावलेला, त्यामुळे चार-पाच ओळी एकाच वेळी आल्या की काय धरावं कळत नाही. सगळ्या धरायचा प्रयत्न करू नये. सुरुवात नीट ऐकावी: एक आवाज पाच-सहा स्वरांचा तुकडा घेऊन येतो, तोच तुकडा दुसरा आवाज थोड्या वेळाने उचलतो, मग तिसरा, मग चौथा. तो तुकडा ओळखीचा झाला की पुढच्या दाटीतही तो डोकं वर काढताना सापडतो. मी बहुतेक वेळा सगळ्यात खालचा आवाज धरतो, कारण तो हळू चालतो.

बर्डबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. तो राणी एलिझाबेथच्या दरबारी चॅपलमधला संगीतकार होता आणि कॅथलिक होता, त्या काळी ज्या देशात मिस्सा करणं हा गुन्हा होता तिथे. १५९० नंतरच्या काही वर्षांत त्याने तीन, चार आणि पाच आवाजांसाठी तीन मिस्सा छापल्या, पण मुखपृष्ठ न लावता. त्या गायच्या होत्या श्रीमंत कॅथलिकांच्या बंद घरांत, मोजक्या गळ्यांनी. त्याच पिढीतला दुसरा एक इंग्लिश कॅथलिक देश सोडून रोमला गेला, जेझुइट या कॅथलिक संघात सामील झाला आणि १५७९ मध्ये गोव्याला उतरला. त्याचं नाव थॉमस स्टीफन्स. १६१६ मध्ये छापलेल्या ख्रिस्तपुराणाचा कर्ता, मराठीत सुमारे ११ हजार ओव्या लिहिणारा. एकाने घरात राहून लॅटिन गायलं, दुसऱ्याने घर सोडून मराठी. बर्डची चार आवाजांची मिस्सा कानावर आली की मला फादर स्टीफन्स आठवतातच.

बर्डचं हे संगीत इंग्लंडमधल्या कॅथलिक उपासनेत पुन्हा रुळवलं ते वेस्टमिन्स्टर कॅथेड्रलच्या पहिल्या संगीतप्रमुखाने, रिचर्ड टेरीने, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. तिथल्या मुलांचा आवाजही वेगळा ओळखू येतो. इतर इंग्लिश चर्चमधल्या मुलांसारखा गोल, हवेशीर आवाज नव्हे. जरा धारदार, खुला. इंग्लिश संगीतकार बेंजामिन ब्रिटन याने १९५९ मध्ये याच मुलांसाठी आणि ऑर्गनसाठी एक छोटी मिस्सा लिहिली, जेमतेम दहा मिनिटांची. बारा-तेरा वर्षांचा झाला की मुलाचा आवाज फुटतो आणि त्याची जागा लहान मुलगा घेतो, त्यामुळे असा गायकवृंद दर काही वर्षांनी अख्खा नवा होतो.

इमारतीचाही यात वाटा आहे. मोठ्या दगडी कॅथेड्रलमध्ये नाद विरायला पाच-सात सेकंद लागतात. म्हणजे एक स्वर संपायच्या आत पुढचे चार त्यावर येऊन बसतात. गायकांना हे माहीत असतं. ते वाक्य संपल्यावर मुद्दाम थांबतात. प्रक्षेपण करणारे काही मायक्रोफोन गायकांजवळ ठेवतात आणि काही दूर. जवळचे जास्त वापरले तर शब्द कळतात पण जागा हरवते. दूरचे वापरले तर उलट. कोलोनच्या प्रक्षेपणात वाचन अगदी कानाशी येतं आणि गाणं लांबून, हा फरक सुरुवातीला चमत्कारिक वाटतो.

म्हणूनच मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यावर ऑर्गनचे खालचे स्वर येतच नाहीत आणि नादाची नुसती भणभण होते. साधे हेडफोन पुरतात. आणि आवाज किती ठेवायचा ते पहिल्या स्तोत्रावरून ठरवू नका, कारण शेवटच्या ऑर्गनवादनाला त्याच आवाजात घर हादरतं.

ऑर्गनवादक चर्चमध्ये फक्त साथीला नसतो. विशेषतः फ्रान्समध्ये तो स्तोत्रांच्या मधल्या जागा आणि शेवट तिथल्या तिथे रचून वाजवतो. ख्याल ऐकणाऱ्यांना सगळ्यात आधी हाच भाग आवडेल असा माझा अंदाज आहे. नोत्र-दामच्या ऑर्गनला पाच कळफलक आणि सुमारे ८ हजार नळ्या आहेत. १५ एप्रिल २०१९ च्या आगीतून तो वाचला, पण शिशाच्या धुळीने माखला. तो सुटा करून साफ करावा लागला. ७ डिसेंबर २०२४ रोजी कॅथेड्रल पुन्हा उघडलं तेव्हा आर्चबिशपनी ऑर्गनला आठ वेळा हाक मारली आणि दर हाकेला वादकांनी आयत्या वेळी सुचलेलं उत्तर दिलं. त्या सोहळ्याचं चित्रण सापडलं तर तेवढी काही मिनिटं जरूर ऐका.

वर्षाचाही एक क्रम आहे. नाताळपूर्वीच्या आठवड्यात, १७ ते २३ डिसेंबर, मरियेच्या गीताआधी ‘ओ’ने सुरू होणारी सात प्राचीन वाक्यं रोज एकेक येतात. ईस्टरआधीच्या उपवासकाळात ग्लोरिया आणि आलेलुया गात नाहीत, आणि ऑर्गन फक्त साथीपुरता. त्या दिवसांत ऐकायला बसलात आणि सगळं रुक्ष वाटलं तर दोष तुमच्या कानाचा नाही. ईस्टरच्या रात्री ग्लोरियाबरोबर घंटा आणि ऑर्गन एकदम परततात.

आपल्या चर्चमध्ये हे का ऐकू येत नाही? जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या दस्तऐवजात ग्रेगोरियन गायनाचा मान कायम ठेवला, पण लोकभाषेला आणि स्थानिक संगीतालाही दार उघडलं. मराठीत मिस्सा सुरू झाल्या, पेटी-तबला आले, मग कीबोर्ड आला. फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला लोटणाऱ्या गर्दीला लॅटिनमध्ये गायला सांगणं वेडेपणाच होईल. नाशिकरोडला क्वायरमध्ये कीबोर्ड वाजवणारा माझा एक मित्र म्हणतो, “अरे, ते ऐकायला छान आहे, पण आमच्याकडे आजीबाईंना बरोबर गाता आलं पाहिजे.” त्याचं पटतं. कॅथेड्रलमधल्या या संगीतात भाविक बराच वेळ नुसता ऐकत असतो, आणि हा त्यावरचा जुना आक्षेप आहे.

वेळेचं गणित सोपं आहे, फक्त वर्षातून दोनदा बदलतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. कोलोनची रविवारची सकाळी दहाची मिस्सा आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी दीडला आणि हिवाळ्यात अडीचला येते. जेवणं उरकून बसायला बरी वेळ. पॅरिसची सायंप्रार्थना म्हणजे आपली रात्र, आणि बीबीसीचं बुधवारचं प्रक्षेपणही तसंच. जुनी ध्वनिमुद्रणं सगळ्या देशांत खुली नसतात, म्हणून थेट प्रक्षेपणच गाठावं. सुरुवात कोलोनपासून करा, कारण तिथे चित्रही दिसतं आणि कोण उभं राहिलं, कोण बसलं यावरून क्रम पटकन लागतो. बीबीसीवर बुधवारी निवेदक सुरुवातीलाच चर्चचं नाव सांगतो. त्यात ‘व्हेस्पर्स’ ऐकू आलं तर बायबल जवळ घेऊन बसा.